रेशमाची बहीण

मित्रांनो, मी एक जुनी, तळाला गेलेली क्रीमची डबी आहे. झाकण दुसऱ्याच डबीचं आहे, पण ते जाऊ द्या. माझ्या पोटात अमिनो आम्लं आहेत. नाव ऐकून दचकू नका, त्यांनी पोळत नाही. तुमच्या कातडीतही ती असतात आणि ओलावा धरून ठेवतात.

माझी आम्लं रेशमाच्या कोषातली. तिथे धागा आणि त्याच्यावरचा चिकट थर एकमेकांना बिलगून झोपले होते. मग गरम पाणी आलं. धागा वर निघाला, थर पाण्यात विरघळला. धाग्याचं वस्त्र झालं आणि त्या पाण्यातून मी झाले. म्हणजे धागा माझा भाऊच! अजूनही झाकण लागलं की मला तो उबदार अंधार आठवतो.

नशीब पाहा, मला विकत घेतलं एका रफूवाल्या आजींनी! रेशमाच्या रफूत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आता बोटं भेगाळली होती आणि धागा त्यांत अडकून ओढला जायचा. आजी ज्या दुकानात रफू करायच्या, तिथले मालक म्हणाले, "आजी, आणखी एक धागा निघाला, तर यापुढे बटणंच लावा." आजींचं तोंड एवढंसं झालं.

रेशमाला ओला हात लावायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. म्हणून त्या हात धुवायच्या, खसाखसा पुसायच्या, पार सुकवायच्या आणि मग मला लावायच्या. कोरड्या विहिरीत पोहरा सोडून काय येणार वर?

"नुसतं थोतांड!" म्हणत त्यांनी मला खिडकीत ढकललं. फार लागलं मला ते. धूळ खात, दुरून रेशीम बघत मी पडून राहिले.

एकदा सूनबाईंनी भांडी घासली आणि ओल्या हातांनीच मला उघडलं.

"अगं, पुसून तरी घे!" आजी ओरडल्या.

"आई, ओल्यावरच लावायचं असतं. ही पाणी आणत नाही हो, असलेलं धरून ठेवते."

"आणि रेशमाला डाग पडला म्हणजे?"

"मुरू द्या की आधी! तोवर बसा जरा माझ्याशी बोलत."

आजी रोज तसं करू लागल्या. हळूहळू भेगा मिटल्या. आज त्यांनी एक फाटलेलं रेशमी वस्त्र मांडीवर घेतलं, भीतभीत त्यावरून बोट फिरवलं. अडकलं नाही! आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या बोटात मुरलेल्या मला कोषानंतर पहिल्यांदा माझा भाऊ भेटला.

मित्रांनो, मी आता संपत आले आहे. एवढंच सांगते, जपायचं ते ओलं असतानाच जपा.

आजींनी हात धुतले. पुसले नाहीत हं! झाकण उघडतंय. येते मी.