स्टामेनआजोबांची मूठ

पक्षाघाताने स्टामेनआजोबांचा उजवा हात लुळा पडला होता. प्लोव्दिवच्या आमच्या इस्पितळात चार महिने मी त्यांना कप धरायला, बटणं लावायला शिकवत होते. आज त्यांची मूठ पहिल्यांदा घट्ट वळली. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या, पण त्यांची बायको राइना पांढरीफटक पडली.

बाहेर येऊन तिने माझं मनगट धरलं. "पोरी, आता पुरे कर. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे चार महिनेच मी मार न खाता काढले गं."

"आजी, आज घरी जाऊ नका."

"मग कुठं जाऊ?"

आतून हाक आली, "राइना, कुठं मेलीस?"

डोक्याचा रुमाल सारखा करत ती आत गेली. आजोबा मूठ उघडत-मिटत तिच्याकडे बघून हसत होते.