केस बसतात

मामांच्या सलूनमध्ये केस कापण्यापेक्षा केस उभे करण्याला जास्त मान होता. दोन्ही बाजू सफाचट आणि मधोमध जेल चोपडून उभा केलेला तुरा. तो इतका ताठ, की त्याच्या मालकाला आयुष्यात तेवढं ताठ उभं राहायची संधी क्वचितच मिळावी. पोरं या प्रकाराला ‘कोंबडा’ म्हणत. अंगावरचं कापड झटकताना मामा प्रत्येकाला बजावत, “आज डोक्यावर काही घालू नकोस रे. केस बसतात.”

आईबापांना दाद न देणारी पोरं मामांचा शब्द मात्र खाली पडू देत नसत. हेल्मेट कोपरात अडकवून गाडीवरून सुसाट निघत. त्यामुळे त्या भागात कुणाच्या कोपराला इजा झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्या सकाळी खुर्चीत मामांचा सख्खा भाचा होता. त्याच्यामुळेच तर ते सगळ्या पोरांचे मामा झाले होते. नुकतंच लायसन्स मिळालेलं, नोकरी नवी आणि ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. मामांची धाकटी बहीण लेकाचं हेल्मेट घेऊन मागोमाग आली.

“दादा, तू तरी सांग याला. मी बोलले की रेडिओ लागलाय असं ऐकतो.”

“अगं, एवढा तुरा उभा केला, त्यावर लगेच हे टोपलं पालथं घालतेस? फोटोत माझी अब्रू घालवायचीय का? आणि स्टुडिओ चौकापलीकडे तर आहे!”

“बघ आई, तज्ज्ञांचं मत!” भाचा म्हणाला. तीही हसली. हेल्मेट टॉवेलशेजारी खुंटीला लागलं.

जेवायच्या सुमाराला इस्पितळातून फोन आला. डोक्याची शस्त्रक्रिया असली आणि तिथला माणूस रजेवर असला, की केस उतरवायला मामांना बोलावणं यायचं.

“अपघाताची केस आहे, मामा. पटकन या. उभ्या मोटारीचं दार कुणीतरी एकदम उघडलं, पोरगं त्यावर आदळलं. मोबाईलचा चुरा झालाय, कोण कुठला तेही कळत नाहीये.”

मामा पेटी घेऊन पोचले. चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला होता. एका बाजूला रक्त थिजलं होतं. पण मधला तुरा तसाच उभा होता. बसला नव्हता.

मामांच्या हातातली पेटी खाली पडली.

“ओळखता का?” नर्सने विचारलं.

“केस माझे आहेत,” मामा म्हणाले. मग पेटी उचलत, “भाचा आहे.”

“दुसऱ्या कुणाला बोलावू?”

“नको.”

सकाळी ज्या हाताने तो तुरा उभा केला, त्याच हाताने मामांनी तो उतरवला. बहीण धावत आली तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “दादा, हेल्मेट कुठाय रे?”

“दुकानात. खुंटीला.”

भाचा वाचला. पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. मामांनी दारावर पाटी लावली : ‘हेल्मेट कोपराला असेल, तर केसही कोपराचेच कापले जातील.’ पोरं हसली आणि पलीकडच्या सलूनमध्ये गेली. धंदा बसला. मामांनी पाटी काढली नाही.

बऱ्याच महिन्यांनी बहीण लेकाला धरून दुकानात घेऊन आली. खुर्चीत बसल्यावर तो आरशात बघत राहिला. वाढलेल्या केसांतून टाक्यांची लांब रेघ जात होती. तेवढ्यात दारात गाडी थांबली. कोपरात हेल्मेट अडकवलेलं एक पोरगं आत डोकावलं.

“मामा, एवढ्यापुरतं चालवून घ्या ना. फोटो काढायचाय. हेल्मेटनं केस...”

“बसतात,” खुर्चीतून जड आवाज आला. भाच्याचे ओठ थरथरत होते. अपघाताआधी या खुर्चीत ऐकलेलं वाक्य तो शाळकरी मुलासारखा आठवून म्हणत होता. “डोक्यावर... काही... घालू नकोस.”

पोरगं हसलं. “बघा, हाही तेच म्हणतोय!”

मामांनी खुर्ची दाराकडे वळवली. रेघ पोराच्या समोर आली. त्याचं हसू विरलं.

“तो नाही म्हणत,” मामा म्हणाले. “मी म्हणालो होतो.”

मग खुंटीवरचं, एकदाही न वापरलेलं हेल्मेट काढून त्यांनी त्यावरची धूळ टॉवेलने पुसली, आणि भाच्याचे केस कापायला घेतले.

पोरगं दारात उभं राहून बघत होतं. परत गेलं तेव्हा हेल्मेट कोपरात नव्हतं. त्याचे केस बसलेले होते.