माणसांची ऊब

शैलेंद्र आंघोळीपुरता घरी आला होता, तेवढ्यात सिंगापूरमधल्या नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून फोन आला. त्याची बायको स्मिता गेली होती. आदल्या संध्याकाळी ताप उतरला, म्हणून त्यानं पुण्याला सासूबाईंना, आशालताबाईंना, सांगून टाकलं होतं, "आई, उद्या ती स्वतःच बोलेल तुमच्याशी." तो हॉस्पिटलात जाऊन, सह्या करून परत आला, तरी तिकडे आशालताबाई लेकीच्या फोनची वाटच बघत होत्या.

दुपारपर्यंत बातमी पसरली. जुरोंग ईस्टच्या त्याच्या लहानशा फ्लॅटमध्ये ओळखीची मराठी मंडळी येत राहिली. सोफा भरला, सतरंजी भरली, मग लोक भिंतीला टेकून उभे राहिले. खोलीत कोंडायला लागलं.

"शैलू, एसी मेला वाटतं तुझा," रविंद्रकाका कपाळ पुसत म्हणाले आणि त्यांनी लगेच जीभ चावली. काका म्हणजे शैलेंद्रच्या पहिल्या जहाजावरचे चीफ इंजिनिअर.

"चालू आहे लाह," शैलेंद्रची मुलगी इरा तिच्या सिंगापुरी लकबीत म्हणाली. "टू मेनी पीपल."

शैलेंद्रलाही ते कळत होतं. तोही जहाजावरचाच इंजिनिअर. नुसतं बसलेलं माणूससुद्धा शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतं. त्यानं रिमोट घेऊन एसी सोळावर आणला. फरक पडला नाही, पण एवढी गर्दी आहे हे त्याला बरंच वाटलं. एवढ्या माणसांत फोन कसा करणार?

"सासूबाईंना कळवलंस?" काकांनी हळूच विचारलं.

"करतो. जरा माणसं कमी होऊ देत."

"कुणीतरी फेसबुकवर टाकेल आणि त्यांना शेजारणीकडून कळेल. चालेल तुला?"

"करतो म्हटलं ना, काका."

अशा घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. लोक मुकाट्यानं उठतात, चपला शोधतात आणि जातात. खाली मान घालून बसलेल्या शैलेंद्रला कोण कधी गेलं ते समजलंच नाही. मानेला गार लागलं तेव्हा त्यानं वर पाहिलं. सतरंजी रिकामी होती. काकाही गेले होते. माणसांबरोबर त्यांची ऊब गेली होती आणि सोळावरच्या एसीनं खोली गारठवून टाकली होती.

इरा स्मिताची शाल पांघरून आली. "पप्पा, आजीचा परत कॉल आला होता. मी उचलला नाही. काय सांगू तिला?"

"तू नको. मी सांगतो."

त्यानं फोनवर सासूबाईंचं नाव काढलं. कालचं आपलंच वाक्य आठवलं आणि अंगठा पुढे सरकेना. राहिलेली छत्री न्यायला का होईना, कुणीतरी परत यावं, असं त्याला वाटलं. तो दाराकडे बघत राहिला. कुणी आलं नाही. सासूबाईंचाच फोन आला, हातातच वाजायला लागला आणि वाजून वाजून थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडाईच्या स्मशानात अंत्यसंस्कार होणार होते. गाडी, गुरुजी, सगळं काकांनी ठरवलं होतं. स्मिताच्या आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं.