चारुताचा पासपोर्ट फोटो

भूकंपाला पाच दिवस झाले होते आणि शमाच्या एकोणीस दिवसांच्या लेकीला अजून पासपोर्ट नव्हता.

दुपारी नवऱ्याचा, हरीशचा, तोक्योतल्या बँकेतून फोन आला. "उद्या रात्रीच्या विमानात जागा मिळाल्यात. सकाळी वकिलातीत जाऊ, ते लगेच पासपोर्ट करून देतायत. फक्त चारुताचा फोटो हवा. मागे पांढरं, डोळे उघडे. आणि हे बघ, खिडकी उघडू नकोस. फुटलेल्या अणुभट्टीकडचा वारा आपल्या बाजूला वळलाय म्हणतात."

शमाने सकाळीच दाराखिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले होते. ते राहत त्या इचिकावातला फोटो स्टुडिओ बंद होता, कोनबिनीतलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातलं, फोटो छापायचं मशीनही वीज वाचवायला बंद ठेवलेलं. शेवटी शेजारच्या ओकादा-सान आपला जुना इन्स्टंट कॅमेरा घेऊन आल्या. सत्तरीची बाई, एकटी राहणारी.

"चारच फोटो उरलेत," त्या म्हणाल्या.

पहिला त्यांनी जवळून काढला. फ्लॅश पडला आणि कागदावर चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग उमटला. मग त्यांनी फ्लॅशवर टिश्यू चिकटवला, दोन पावलं मागे सरकल्या. दुसरा फोटो हळूहळू वर येऊ लागला तशी शमा त्यावर वाकली. बाळाचे डोळे मिटलेले आणि चेहरा निळा.

"फिल्म गारठली," ओकादा-सान घाईने म्हणाल्या. "हिला ऊब लागते. आणि उजेड."

शमाने फोटो पालथा घातला. लेकीच्या नाकापाशी बोट नेऊन श्वास लागतोय का ते पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

खोली उत्तरेची, काच दुधी. पडदा सारूनही उजेड पुरेना. ऊन होतं ते बाल्कनीच्या टोकाला, तेही कलू लागलेलं.

"बाहेर नको," शमा म्हणाली.

"तुम्ही आई आहात. तुम्ही म्हणाल तसं."

तेवढ्यात फोनवर भूकंपाचा इशारा किंचाळला आणि जमीन हलली. कपाटातल्या बश्या वाजू लागल्या. शमा बाळावर ओणवी झाली. धक्का ओसरला तेव्हा ओकादा-सान भिंतीला टेकून उभ्या होत्या. हातातल्या कॅमेऱ्यातून तिसरा फोटो बाहेर आला होता. त्यात नुसतं छत होतं.

आता एकच उरला. शमाने बाहेरच्या हवेची आणि भूकंपाची, दोन्ही भीती मनात तोलून पाहिल्या, पण कुठली जड ते काही कळेना. इथे राहायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तिने टॉवेल ओढून काढले आणि बाल्कनीचं दार सरकवलं.

पांढरी चादर स्वतःच्या अंगावरून घेऊन तिने चारुताला छातीशी उभं धरलं. ती स्वतः श्वास रोखून होती, जणू तिने घेतला नाही तर बाळही घेणार नव्हतं. उन्हाने चारुताने डोळे गच्च मिटले. शमा थोडी वळली, चेहऱ्यावरचं ऊन हटलं.

"चारू, बघ ना गं. एकदाच."

किती वेळ गेला कोण जाणे. ओकादा-सानचं बोट बटणावर, पण दाबत नव्हत्या. मग बाळाने डोळे उघडले आणि खटका वाजला.

फोटो त्यांनी लगेच स्वेटरच्या आत, पोटाशी धरला. "हलवायचा नाही," म्हणाल्या. आत येऊन दोघी जमिनीवर बसल्या. पाच मिनिटांनी त्यांनी तो पुढे केला. काळेभोर डोळे, दोन्ही कान, रंग अगदी खरा. शमाला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी वकिलातीतल्या माणसाने तो कापून चिकटवला, काहीही न विचारता. रात्री विमान उडालं. हरीश म्हणाला, "छान आलाय गं फोटो. घरातच काढलात?"

"हो," शमा म्हणाली.

बाल्कनीतल्या त्या चार-पाच मिनिटांबद्दल पुढे तीन वर्षं ती काही बोलली नाही. चारुताला साधा ताप आला, तरी रात्रभर उशाशी बसून राही. हरीशला वाटे, पहिलटकरीण आहे, घाबरते.