खोटा खिसा

कपड्यांच्या त्या चार मजली दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. तिच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढल्यावर तोंडातून जे बाहेर पडे तेही टोचणारंच असे. जिन्याखालच्या तिरप्या जागेत तिचं शिलाई मशीन होतं. गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करायच्या, कंबर आवळायची, सैल बाह्या बसवून द्यायच्या, हे तिचं काम. ती इथे लागली तेव्हा तिची मुलगी शाळेत होती. आता त्या मुलीची मुलगी शाळेत जात होती.

त्या वर्षी मुख्य ऑफिसने सगळ्यांना नवा युनिफॉर्म पाठवला. पुरुषांना काळी पँट आणि कोट, बायकांनाही काळी पँट आणि कोट. बायकांचा कोट कंबरेत बसणारा, देखणा होता. दोन्ही बाजूंना खिशाच्या पट्ट्या, त्यांवर चकचकीत बटणं. पर्सच्या काउंटरवरच्या पोरीने, जिला सगळे पर्सवालीच म्हणत, पट्टी उचलून बोटं आत घालायला बघितली, तर बोटं कापडावरच अडली.

"मावशी, ह्याला तोंडच नाही," ती हसत म्हणाली.

नव्या कोटाचे खिसे कधीकधी दोऱ्याने बंद करून पाठवतात, तसंच असेल म्हणून टाचणीने कोट उजेडात धरला. पण पट्टीखाली उसवण्यासारखं काही नव्हतंच. खिसा नव्हता, खिशाचं सोंग होतं. पँटीचीही तीच गत. पुरुषांच्या कोटाला मात्र बाहेर दोन, आत दोन, आणि पँटीला चार.

तिने मॅनेजरला विचारलं. मॅनेजर माणूस तसा वाईट नव्हता, पण ऑफिसचा शब्द त्याला देवाच्या जागी. खिशाने कोटाचं फिटिंग बिघडतं, असं त्याने समजावलं. सामान तळघरातल्या लॉकरमध्ये ठेवायचं. वर बोलता बोलता तो हेही बोलून गेला की दुकानातल्या बारीकसारीक वस्तू हल्ली फार गहाळ होतात.

"आणि त्या फक्त बायकांच्या हाताला चिकटतात होय?" टाचणीने विचारलं.

मॅनेजरला तेवढ्यात कुणाचा तरी फोन आठवला.

घरी आल्यावर तिने ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर घातली. एवढ्याशा खिशावरून कशाला डोकं तापवतेस, असं त्याचं मत पडलं. दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात निघाले. दारातच नेहमीच्या सवयीने त्याने आपला चष्मा, किल्ल्या आणि गोळ्यांचं पाकीट तिच्या पर्समध्ये टाकलं. तिने तिन्ही वस्तू बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवल्या.

"अहो, तुमच्या अंगावर सहा खिसे आहेत. कशाला शिवून घेतलेत?"

नवऱ्याने सगळं आपल्या खिशांत कोंबलं. पण तिच्या डोक्यातलं चक्र सुरू झालं होतं. दुकानात बायकांची जी पँट तिच्या हाताखालून जाई तिचे खिसे ती आता चाचपून बघू लागली. कुठे नुसती शिवण, कुठे दोन बोटं जातील एवढीच फट. आणि हे कपडे टांगलेल्या रांगेच्या अगदी समोर पर्सचं काउंटर. खिसा काढून घ्यायचा आणि पर्स विकायची. वर्षानुवर्षं ती या दोन काउंटरांच्या मधून ये-जा करत होती आणि हे तिला कधी दिसलं नव्हतं, याचा तिला स्वतःचाच राग आला.

मग सेल लागला. शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या काउंटरवर अत्तरांचे फवारे चालले होते, आणि पर्सवालीला दम लागला. तिला दमा होता. तिचा पंप तळघरात, लॉकरमध्ये. गर्दीने भरलेली लिफ्ट काही थांबेना. शेवटी बुटांच्या विभागातला पोरगा जिन्यावरून धावत गेला. तो येईपर्यंत ती पोरगी जमिनीवर बसून, मान पुढे काढून श्वास ओढत होती. टाचणी तिची पाठ धरून बसली होती. आजूबाजूला स्टँडवर पर्सच पर्स लटकत होत्या, एकेकीला चार कप्पे, आणि त्या पोरीच्या अंगावर मुठीत मावणारा पंप ठेवायला जागा नव्हती.

पंप आला, पोरगी सावरली. मॅनेजरने तिला लगेच घरी पाठवलं. सोमवारी मात्र त्याने तिला सुनावलं की असला आजार नोकरीला लागतानाच सांगायला हवा होता.

हे ऐकलं आणि टाचणीने जेवणाच्या सुट्टीत पोरीचा कोट काढून घेतला. पट्टीखाली चीर दिली, अस्तराच्या उरलेल्या तुकड्याचा खोल खिसा शिवून आत बसवला, पट्टी खाली सोडली. बाहेरून कोट होता तसाच.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. रोज सुट्टीत जिन्याखाली कुणी ना कुणी कोट घेऊन उभी राही. हिशोबनीस बाईंना चष्म्यापुरता खिसा हवा होता. दोन पोरी कानाशी येऊन म्हणाल्या की पाळीच्या दिवसांत पॅड बाहीत लपवून बाथरूमला जावं लागतं, तेवढी सोय करा. साफसफाई करणारी, जिला कुणी कधी चार शब्दही बोलताना ऐकलं नव्हतं, तिला टाचणीने विचारलं, तुला काय ठेवायचंय?

"काही नाही," ती म्हणाली. "हात घालून उभं राहायचंय."

तिच्यामुळेच बिंग फुटलं. ती खरंच दारात खिशात हात घालून उभी राहिली आणि मॅनेजरच्या नजरेस पडली. शुक्रवारी ऑफिसच्या मोठ्या बाई येणार होत्या. त्याआधी सगळे खिसे बंद करून टाका, असा हुकूम झाला.

"मी शिवलेले आहेत," टाचणी म्हणाली. "मी बंद करणार नाही. तुम्हाला करायचे असतील तर मशीन समोर आहे, बसा."

संध्याकाळी पर्सवाली कोट हातात घेऊन आली. तिची आई घाबरली होती. नोकरी गेली तर घर कसं चालणार, खिसा बंद करून घे म्हणत होती. टाचणीला ते लागलं. ज्या पोरीसाठी हे सगळं सुरू केलं तीच माघार घेत होती. तोंडावर आलेलं तिने गिळलं. "तू स्वतः म्हणत असशील तर आत्ता बंद करते. साहेब म्हणतात म्हणून नाही." पोरगी कोट घेऊन तशीच निघून गेली.

शुक्रवारी सगळ्यांना तळमजल्यावर रांगेत उभं केलं. मोठ्या बाई आल्या त्या खांद्यावर बॅग, काखेत फाइल आणि हातात फोन अशा. मॅनेजरने घाम पुसत सांगितलं की शिलाईच्या बाईंनी परस्पर युनिफॉर्मशी छेडछाड केली आहे. बाईंनी टाचणीकडे वळून कारण विचारलं.

"ज्यांचे खिसे खरे आहेत त्यांच्यावर तुमचा विश्वास आहे आणि आमच्यावर नाही, एवढंच हा कोट सांगत होता," टाचणी म्हणाली. "तो अंगावर घालून दिवसभर गिऱ्हाइकासमोर हसायचं, हे जमलं नाही."

मग पर्सवाली रांगेतून पुढे आली. खिसा आपण मागून घेतला, आणि तो बंद करायचा असेल तर आपण कोट घालणार नाही, असं तिने सांगितलं. तिच्यामागून हिशोबनीस बाई पुढे आल्या, मग एकेक करत आणखी बऱ्याच जणी. साफसफाई करणारी जागची हलली नाही, पण तिने दोन्ही हात खिशात घातले.

मोठ्या बाई विरघळल्या वगैरे नाहीत. सेलच्या दिवसांत निम्मी रांग घरी पाठवणं त्यांना परवडणारं नव्हतं, इतकंच. पुढचा युनिफॉर्म येईपर्यंत खिसे राहतील, पण सुटताना झडती होईल, असं त्यांनी जाहीर केलं. झडती सगळ्यांची हवी, असं टाचणीने तिथल्या तिथे म्हटलं, आणि बाईंना नाही म्हणता येईना. त्या दिवसापासून पुरुषही दारात खिसे उलटे करून दाखवू लागले आणि आठवडाभर कुरकुरत राहिले.

टाचणीला माफी लिहून द्यायला सांगितलं होतं. तिने दिली नाही. त्या वर्षी सगळ्यांचा पगार वाढला, तिचा वाढला नाही, आणि त्याचं वाईट वाटलं नाही असं ती कधी म्हणाली नाही. तिला काढलं मात्र नाही, कारण मशीनशेजारी पँटींचा ढीग छातीपर्यंत आला होता.

त्या ढिगातली एक पँट न्यायला एक गिऱ्हाईक बाई आल्या. टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या.

"लांबी कमी केलीय. खिसे खोटे आहेत, खरे करून देऊ?"

बाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी पँट हातात घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवला. मॅनेजर जवळूनच चालला होता, तो थबकला. टाचणीने त्याच्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी ट्रायल रूमसमोरच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.