तसं बरंय

मला घरात ठिणगी म्हणतात. चिडण्याचा मक्ता माझ्याकडे आणि सोसण्याचा ताईकडे, ही आमची वाटणी लहानपणापासूनची. गालातली नस बिघडल्यापासून ताईला नुसता पंख्याचा वारा लागला तरी कळ येते. मग ती तोंडात टॉवेलचा बोळा कोंबते आणि माझा दंड असा आवळते की वळ उठतात. नेहमीच्या गोळ्या आता तिला लागू पडत नाहीत. शेवटी डॉक्टरच म्हणाले, याच दुखण्यावरच्या नव्या औषधाचा अभ्यास चाललाय, त्यांना माणसं हवीत, जाऊन बघा.

ताईला कशी राजी केली ते माझं मला माहीत. निघताना बजावलं, "दुखतं तेवढं सगळं सांगायचं. हातचं राखायचं नाही."

तिथल्या खोलीत एक टेबल, भिंतीवर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांचा तक्ता आणि आमच्या भाचीच्या वयाची एक डॉक्टरीण. सकाळपासून तिनं खुर्ची सोडली नसावी. उत्तर पेशंटनंच द्यायचं, सोबतच्यांनी मध्ये बोलायचं नाही, असा नियम. मी ओठ शिवून बसले.

"मावशी, या आठवड्यात कितपत दुखलं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"तसं बरंय," ताई म्हणाली.

"आकड्यात सांगा ना."

"असेल तीन. तू जेवलीस का गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन? अहो, काल ही भिंतीवर डोकं आपटत होती."

"तुमचं मला धरता येत नाही," डॉक्टरीण मला म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. तिनं ताईला पुन्हा विचारलं, "मावशी, नक्की तीनच?"

"सहन होत नाही असं कसं म्हणू, बाळा? करतेच आहे की."

या औषधासाठी दुखणं निम्म्याच्या वर लागतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. ताईला त्यांनी घेतलं नाही.

बाहेर फुटपाथवर मी तिला फाडफाड बोलले. "परक्या पोरीपुढे तीन, आणि माझ्यापुढे टॉवेल चावायचा? सगळं माझ्याच वाट्याला का? जीव नकोसा होतो माझा तुला बघून."

ताई थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. गालावर हात धरून ती अगदी हळू म्हणाली, "तुला इतका त्रास होतो हे आधी नाही का सांगायचंस? आता नाही हो देणार."

ताई शब्दाची पक्की. हल्ली ती खोलीचं दार आतून लावून घेते. मी बाहेर कान देऊन उभी राहते, पण हूं की चूं नाही. आत तिला कळ आलीय की डोळा लागलाय, हेही मला समजत नाही.