शनिवारचं सामान

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. काच कोपऱ्यात तडकलेली, चार्जिंग टिकत नाही, आणि सध्या हुडकेश्वर नावाच्या वस्तीतल्या एका घरात फ्रिजवर पडलेला असतो. कुणी उचलत नाही. तक्रार नाही माझी. वाईट वाटणं केव्हाच थांबलं.

कुठल्या कारखान्यात माझी जोडणी झाली ते आठवत नाही. आठवतो तो बारावीचा निकाल, आणि बक्षीस म्हणून मला हातात घेणारी भारती. तेव्हा काय कौतुक होतं माझं! रोज पुसायची, वर नवं कव्हर. पुढे ती शिकायला जर्मनीला निघाली, तेव्हा तिनं दुसरा फोन घेतला आणि मला बाबांच्या हवाली केलं.

तिचे बाबा शालिकराम इतवारी बाजारातल्या एका डाळीच्या दुकानात सव्वीस वर्षं कामाला होते. पोत्यातली मूठभर डाळ तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं. पहिल्या मुठीला त्यांनी कधीच पास म्हटलं नाही. दुसरी काढा म्हणायचे. टाइप करणं त्यांना जमलं नाही, म्हणून मला तोंडाशी धरून बोलायचे. माझ्या स्पीकरमध्ये डाळीची धूळ जाऊन बसली. खरं सांगतो, वैताग यायचा.

भारती शनिवारी सामान आणायची. तिकडे रविवारी दुकानं बंद. दूध, ब्रेड, बटाटे जवळच्या मोठ्या दुकानातून, आणि डाळ-तांदूळ ट्रामनं पाच थांबे लांबच्या, आपल्याकडचं सामान विकणाऱ्या दुकानातून. चौघींत एक स्वयंपाकघर, फ्रिजचा एक कप्पा तिचा. कुणी वाईट नव्हतं, पण कुणी बोलतही नव्हतं. मग ती पाकिटाचा फोटो पाठवायची आणि बाबा सुरू व्हायचे.

"काहून वं, समोरचंच उचललं काय? मागचं काढ. उजेडात धरून दाखव मले."

अर्धा अर्धा तास चालायचं हे. तिकडचा दुकानदार कंटाळत असेल. पण आठवडाभरात ती मोकळी बोलायची ती एवढंच, आणि मला ते आवडायचं.

मार्चमधल्या एका मंगळवारी शालिकराम दुकानात पोत्यावर टेकले ते उठलेच नाहीत. मी त्यांच्या खिशात होतो. मला काढलं तेव्हा मी गरम होतो, एवढंच सांगता येईल.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. भारतीची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मोठे काका गणपतराव म्हणाले, पोरगी एकटी आहे, ऐकलं तर पेपर सोडून देईल, वर्ष वाया जाईल, परीक्षा झाल्यावर सांगू. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिच्या आईला, तुळजाबाईंना, कुणी विचारलं नाही. भारतीला कळवलं ते इतकंच, की बाबांचा घसा बसलाय आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, म्हणून त्यांचे निरोप लिहून येतील.

शनिवारी मी वाजलो. तुरीच्या डाळीचा फोटो होता. ही चालेल का, असं बाबांना विचारलं होतं. तिच्या थोरल्या भावानं, पंकजनं, मला उचललं आणि आईकडे पाहून म्हणाला, काय लिहू?

तुळजाबाई म्हणाल्या, "लिही, चांगली हाय, घे."

त्यानं लिहिलं, मी पोचवलं. पुढच्या शनिवारी तांदूळ आले, त्याच्या पुढच्या शनिवारी वांगी. दोन्हींना उत्तर तेच, चांगलं आहे, घे. गेलेल्या माणसाच्या नावानं मी तीन वेळा खोटं बोललो, मित्रांनो. लाज वाटली. आणि तिसऱ्या वेळी तीही वाटली नाही.

परीक्षा संपली त्या दिवशी पंकजनं माझ्यावरूनच तिला फोन लावला. तो हॅलो म्हणाला, आणि पुढचं सांगायच्या आत भारतीच बोलली, अगदी सपाट आवाजात.

"दादा, बाबा गेले ना? मले पहिल्याच शनिवारी समजलं. पहिल्यांदा दाखवलेली डाळ बाबा कधीच घे म्हणत नाही."

मग बोलली काहून नाहीस, असं पंकजनं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही सगळे मिळून इतकं लपवून राहिले, म्हणजे मी पेपर द्यावे असंच आईच्या मनात असेल, म्हणून दिले. घे म्हटलेलं सगळं घेतलं, तसंच पडून आहे. तेरा दिवस फोडणी दिली नाही, दूध-ब्रेड खाल्ला, खाली जमिनीवर झोपली. मग तिनं विचारलं, बाबा गेले तो वार कोणता?

"मंगळवार," पंकज म्हणाला.

"मी शनिवारपासून मोजले, दादा. माझं तेरावं चुकलं."

तुळजाबाईंनी मला पंकजच्या हातातून ओढून घेतलं.

"तुझं नाही वं माय," त्या म्हणाल्या. "चुकलं ते आमचं." आणि त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, पाण्यापासून सांभाळा, ते ठीकच आहे. पण घरातलं माणूस गेलं, तर लांब असलेल्या लेकराला त्याच दिवशी कळवा. आम्ही एका क्षणात पोचवतो. दिवस पाळायला त्याला निदान खरी तारीख तरी मिळू द्या.